आधी मोतीबाग, मग शकुंतला : वऱ्हाडातली छोटी रेल्वे कशी पाहावी

माझा पुण्याचा भाचा दहा वर्षांचा असताना मी त्याला मे महिन्यात, भर दुपारी, दारव्ह्याच्या जुन्या स्टेशनावर नेलं होतं. बाभळी वाढलेल्या, रूळ गवतात दडलेले, अंगातून घामाच्या धारा. पाच मिनिटं तो इकडे तिकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मावशी, गाडी कुठाय?" गाडी तोवर बंद झालेली. मी त्याला उसाचा रस पाजला आणि घरी आणलं.

पुढच्या दिवाळीत क्रम उलटा केला. आधी नागपूरला मोतीबागचं नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेचं संग्रहालय आणि दुसऱ्या दिवशी तेच दारव्हा स्टेशन. या वेळी त्याला हात धरून बाहेर काढावं लागलं. रुळाच्या बाजूला उकिडवा बसून तो लोखंडावरची अक्षरं वाचत होता.

शकुंतला म्हणजे वऱ्हाडातली बंद पडलेली छोटी गाडी, दारव्हा तिचंच स्टेशन. ती पाहायला निघणाऱ्या प्रत्येकाला मी म्हणूनच सांगते: आधी इंजिन बघा, मग स्टेशन. इंजिनं नागपुरात आहेत आणि स्टेशनं इकडे वऱ्हाडात. नुसतं संग्रहालय पाहिलं तर ती इंजिनं बागेतल्या शोभेच्या वस्तू वाटतात आणि नुसतं स्टेशन पाहिलं तर पडकं घर. दोन दिवस काढा आणि दोन्ही जोडून पाहा. मी कारंजा तालुक्यातल्या एका गावात शिकवते. पाहुण्यांना आणि शाळेच्या पोरांना घेऊन ही फेरी बऱ्याचदा झाली आहे, त्यातून जे जमलं आणि जे फसलं ते इथे लिहिते.

पहिलं काम : महिना आणि वार ठरवा

दिवाळीनंतर ते फेब्रुवारी अखेर. बाकी महिने सोडून द्या. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ च्या आसपास जातो आणि बंद स्टेशनांवर सावली, पाणी, माणूस यांपैकी काहीच मिळेल याची खात्री नसते. पावसाळ्यात काळी माती चपलेला चिकटून चिकटून पाय मणाचा होतो, आणि गुडघाभर गवतात काय लपलंय ते कळत नाही. डिसेंबरमध्ये गवत वाळून बसतं, रूळ दिसतात, शेतात कापूस वेचणं चालू असतं. या रेल्वेचा जन्मच कापसासाठी झालेला असल्यामुळे ते दृश्यही फेरीचाच भाग समजा.

वार ठरवताना सोमवार टाळा, सरकारी संग्रहालयं बहुधा त्या दिवशी बंद असतात. मी शनिवारी मोतीबाग आणि रविवारी शकुंतला असं करते. निघायच्या आदल्या दिवशी वेळ आणि तिकीट विचारून घ्या. एकदा मी न विचारता चाळीस पोरं नेली आणि बंद फाटकासमोर त्यांना अंताक्षरी खेळवली.

दुसरं काम : गोष्ट आधी सांगून ठेवा

पोरं बरोबर असतील तर हे प्रवासातच उरकून घ्या. संग्रहालयात पोचल्यावर कोणी ऐकत नाही.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं आणि तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. त्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर पडली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची मोठी लाईन १८६७ मध्ये नागपूरला पोचली. पाठोपाठ १८७० मध्ये खामगावचा आणि १८७१ मध्ये अमरावतीचा आखूड फाटा झाला, कारण कापसाचे मोठे बाजार मेन लाईनच्या बाजूला पडले होते. यवतमाळ, दारव्हा, कारंजा, दर्यापूर, अचलपूर मात्र बैलगाडीवरच राहिले.

ही पोकळी भरली एका खाजगी कंपनीने. किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने १९१० मध्ये सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. इकडे सगळे तिला क्लिक निक्सनच म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा, म्हणजे समोरच्याला कळेल. यवतमाळ ते मूर्तिजापूर सुमारे ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर सुमारे ७७, अशी ही शकुंतलेची लाईन. पुलगाव-आर्वी आणि तिकडे दौंड-बारामती या लाईनीही याच कंपनीच्या. देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तरी शकुंतला कंपनीच्याच मालकीची राहिली. गाडी सरकारी रेल्वे चालवायची आणि वापराचा मोबदला कंपनीला द्यायची. पोरांना हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला येतो: "म्हणजे इंग्रजांना भाडं?" त्यावर वर्गात अर्धा तास वाद घालता येतो. गाडीत घालू नका, उतरायचं स्टेशन निघून जाईल.

मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन १९२३ पासून ही गाडी ओढत होतं. १५ एप्रिल १९९४ रोजी ते निवृत्त झालं आणि डिझेल इंजिन आलं. सत्तर वर्षं एकच नोकरी.

तिसरं काम : मोतीबाग

संग्रहालय नागपुरात कडबी चौकाजवळ आहे. १४ डिसेंबर २००२ रोजी सुरू झालं, आणि ते दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे आहे. नागपूर स्टेशनावर उतरलात तर ऑटो सोयीचा. मेट्रोने जायचं असेल तर सीताबर्डीला नारिंगी मार्ग पकडून कडबी चौक स्टेशनला उतरा. नागपूर स्टेशनातून घाईने बाहेर पडू नका. दगडी इमारतीचं उद्घाटन १५ जानेवारी १९२५ चं आहे. बाहेर येऊन एकदा मागे वळून बघा. आपण पुढे जी स्टेशनं पाहणार आहोत ती याच काळातली, पण त्यांच्या वाट्याला काय आलं हे कळायला ही तुलना उपयोगी पडते.

एक खुलासा करते, कारण यावर घोळ होतो. मोतीबागेत मुख्यतः बंगाल नागपूर रेल्वेचा वारसा आहे, म्हणजे गोंदिया-जबलपूर, नागपूर-छिंदवाडा, नागपूर-नागभीड या सातपुडा भागातल्या छोट्या लाईनींचा. नागभीडची छोटी गाडी तर अगदी २०१९ पर्यंत धावत होती. शकुंतला दुसऱ्या कंपनीची. पण रुळांचं माप दोन्हींचं एकच, त्यामुळे इथे शिकलेलं तिकडे चालतं. दुसरा घोळ नावाचा: दारव्ह्याच्या स्टेशनाचं नावही दारव्हा मोतीबागच आहे. फोनवर नकाशा लावताना नीट बघा, नाहीतर पाहुणे दीडेकशे किलोमीटर चुकायचे.

आत गेल्यावर पोरं सगळ्यात आधी खेळण्यातल्या गाडीकडे धावतात. धावू द्या, पण फेरी शेवटी मिळेल असं सांगून ठेवा. लालूच हाताशी असलेली बरी. मग या क्रमाने चला.

आधी रूळ मोजा. पिशवीत शिंप्याची नाही, सुताराची स्टीलची टेप हवी. एका रुळाच्या माथ्याच्या आतल्या कडेपासून दुसऱ्याच्या आतल्या कडेपर्यंत मोजायचं, मधोमध नाही आणि बाहेरून तर नाहीच. ७६२ मिलिमीटर येईल, म्हणजे अडीच फूट. तुमच्या घरातल्या न्हाणीघराचं दार बहुधा एवढंच असतं. तेवढ्या रुंदीवर हे सगळं धूड उभं आहे हे पोरांना दाखवा, मग मोठ्या लाईनीचा आकडा सांगा: १६७६ मिलिमीटर, साडेपाच फूट. अडीच फुटांचा रस्ता स्वस्तात होतो, पूल बारीक चालतात, वळणं आवळून घेता येतात. तोटा असा की वेग बेताचा आणि मोठ्या लाईनीपाशी आलं की सगळा माल उतरवून दुसऱ्या डब्यात भरायचा.

मग चाकं मोजा. वाफेच्या इंजिनाच्या बाजूला उभं राहा. पुढे लहान चाकं असतील तर ती, मग दांड्याने एकमेकांना जोडलेली मोठी चाकं, मग मागची लहान. एका बाजूला १, ४ आणि १ दिसली तर दोन्ही बाजू मिळून २-८-२ असं लिहायचं. दांड्याने जोडलेली चाकंच गाडी ओढतात, बाकीची नुसती भार उचलतात आणि वळणावर वाट दाखवतात. बैलगाडीच्या जोडीसारखं: ओढणारे वेगळे, बसणारे वेगळे. हे कळलं की पोरं प्रत्येक इंजिनापाशी धावत जाऊन मोजतात आणि तुम्हाला दोन घोट पाणी प्यायला उसंत मिळते.

मग अक्षरं. भारतीय रेल्वेच्या इंजिनांवरचं पहिलं अक्षर रुळाचं माप सांगतं. डब्ल्यू म्हणजे मोठी लाईन, वाय म्हणजे मीटरगेज, झेड म्हणजे आपली अडीच फुटी, एन म्हणजे त्याहून अरुंद दोन फुटी. डिझेल आणि विजेच्या इंजिनांत दुसरं अक्षर इंधनाचं: डी डिझेल, ए वीज. तिसरं कामाचं: पी प्रवासी, जी माल, एम दोन्ही. म्हणजे झेडडीएम वाचलं की अडीच फुटी, डिझेल, मिश्र कामाचं. उद्या मूर्तिजापूरच्या फलाटावर डब्ल्यूएपी लिहिलेलं इंजिन धडधडत जाईल तेव्हा पोरांना तेही वाचता येतं. एक खाच लक्षात ठेवा: वाफेच्या इंजिनांना हा नियम लावायचा नाही. शकुंतलेच्या झेडडीतला डी डिझेलचा नव्हे. माझ्या वर्गातली एक मुलगी यावर माझ्याशी भांडली होती आणि तिचं भांडण रास्त होतं.

इंजिनाच्या अंगावर कारखान्याची पाटी शोधा. पितळी किंवा ओतीव लोखंडाची असते, त्यावर कारखान्याचं नाव, गाव, साल आणि क्रमांक. रंगाचे थर चढून अक्षरं बुजलेली असली तर मोबाईलचा दिवा पाटीच्या बाजूने, तिरपा धरा. समोरून धराल तर काहीच दिसणार नाही. तिरप्या उजेडात अक्षरांच्या सावल्या पडतात आणि पाटी बोलायला लागते. ही युक्ती उद्या रुळांवर लागणार आहे.

आता सिग्नल, आणि इथे मी सगळ्यात जास्त वेळ काढते. जुना सिग्नल म्हणजे खांबाला लावलेला हात. हात आडवा असेल तर थांबा, खाली झुकला तर या. आपल्या आजीआजोबांच्या तोंडी "सिग्नल पडला" म्हणजे गाडी आली, हे याच्यावरून. हात खरोखर पडायचा. रंगीत दिव्यांच्या सिग्नलात काही पडत नाही, तरी आपण अजून तेच म्हणतो. हाताचं टोक बघा. चौकोनी टोकाचा हात थांबायला लावतो. माशाच्या शेपटीसारखी खाच असलेला हात पुढचा सिग्नल कसा आहे याची सूचना देतो. हाताच्या बुडाशी रंगीत काचा असतात आणि त्यांच्यामागे रात्री रॉकेलचा दिवा ठेवायचा. खांबाला शिडी असते ती त्यासाठी; रोज संध्याकाळी कोणीतरी कंदील घेऊन ती चढत असे. शकुंतलेच्या सिग्नलांवर लिव्हरपूलची छाप आणि १८९५ साल होतं, हे इकडच्या वाचकांनी पेपरात वाचलेलं असेलच.

बाकी मांडणीत दोन वस्तू चुकवू नका. एक, जाड पुठ्ठ्याच्या तिकिटावर तारीख दाबणारं यंत्र. तिकीट आगपेटीच्या मापाचं असायचं आणि यंत्राच्या फटीत घातलं की ठक्क करून तारीख उमटायची. दुसरी, एकेरी लाईनीवरचं गोळ्याचं यंत्र दिसलं तर. दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी असावी म्हणून ड्रायव्हरला एक गोळा देत. पुढच्या स्टेशनावर तो गोळा यंत्रात पडल्याशिवाय दुसरा निघायचा नाही. पोरांना हे सांगून समजत नाही, खेळून समजतं. दोन पोरं दोन टोकांना उभी करा, एक चेंडू घ्या, चेंडू हातात असलेल्यानेच धावायचं. बागेत जागा भरपूर आहे.

इंजिनावर चढू देतात का, हे तिथल्या माणसाला विचारूनच पाय ठेवा. उन्हात तापलेलं लोखंड नोव्हेंबरातही चटका देतं.

चौथं काम : रात्र कुठे काढायची

संध्याकाळच्या गाडीने मेन लाईनवरून मूर्तिजापूर गाठायचं. अकोला आणि बडनेऱ्याच्या मधलं स्टेशन, नागपूरहून तीन-चार तास. सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, तिकीट काढताना बघा. मूर्तिजापूर गाडगेबाबांचं गाव म्हणावं इतका बाबांचा इथे राबता होता, आणि त्यांचं जन्मगाव शेंडगाव शकुंतलेच्या अचलपूरकडच्या फाट्यावरच्या अंजनगाव तालुक्यात. मूर्तिजापुरात राहायला बेताची सोय आहे. कुटुंब बरोबर असेल तर मी कारंजा सुचवते. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान असल्यामुळे भक्तांची वर्दळ असते आणि मुक्कामाची सोय होते. स्वतःची गाडी असेल तर नागपूरहून समृद्धी महामार्गाने कारंजाला उतरणं सोपं, पण मग मूर्तिजापूरला उलट यावं लागेल. या, कारण फेरी तिथूनच सुरू व्हायला हवी.

पाचवं काम : शकुंतला

दोन फाटे आहेत. अचलपूरचा फाटा लाखपुरी, बनोसा, अंजनगाव, पथ्रोट करत जातो. बनोसा नाव ऐकून गोंधळू नका, दर्यापूरचं स्टेशन तेच. यवतमाळचा फाटा कारंजा, दारव्हा, लाडखेड करत जातो. पहिल्यांदा येणाऱ्याने यवतमाळचा घ्यावा असं माझं मत. मी त्याच बाजूची आहे म्हणून म्हणते असं समजलात तरी हरकत नाही. पण रस्ता सलग आहे, एसटी मिळते, आणि दारव्ह्यानंतर जमीन चढउताराची होत जाते, त्यामुळे बघायलाही बरं.

सकाळी आठाला मूर्तिजापूर स्टेशन. पोहे खाऊन घ्या, तर्री वेगळी मागा. इथे मोठी लाईन आणि छोटी लाईन भेटायच्या. अचलपूरकडून आणि यवतमाळकडून आलेल्या कापसाच्या गाठी इथे छोट्या डब्यातून उतरून मोठ्या डब्यात चढत आणि मुंबईच्या बंदराकडे जात. आजची गाठ साधारण १७० किलोची असते. अशी एकेक गाठ हमालांनी अंगावर घेऊन एका फलाटावरून दुसऱ्यावर न्यायची, हे डोळ्यांसमोर आणा आणि काल मोजलेल्या दोन आकड्यांतलं अंतर आठवा: अडीच फूट, साडेपाच फूट. मधलं तीन फुटांचं अंतर या हमालांच्या पाठीवरून पार व्हायचं.

स्टेशनमास्तरांना भेटा. हे मी आग्रहाने सांगते. बंद लाईनसुद्धा रेल्वेचीच हद्द आहे. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार विनापरवाना हद्दीत शिरणं गुन्हा आहे. मूर्तिजापूर भुसावळ विभागात येतं. आम्ही कोण, कुठून आलो, काय बघायचंय हे नम्रपणे सांगितलं की बहुतेक वेळा माणूस वाट दाखवतो, कधी चहाही पाजतो. नाही म्हटलं तर रस्त्यावरून बघा. शाळेची सहल असेल तर शाळेच्या कागदावर आधीच लेखी परवानगी मागा.

आणि काहीही उचलू नका. गंजलेला बोल्ट असो की फिशप्लेटचा, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीचा तुकडा. "पडलेलंच तर होतं" हे उत्तर चालत नाही; रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. या लाईनीचं बरंच लोखंड असंच गेलंय. आपण त्यात भर घालायला नको.

मग कारंजा आणि दारव्हा. प्रत्येक स्टेशनावर मी एकाच क्रमाने बघते. आधी इमारतीपासून लांब, रस्त्याच्या बाजूला उभी राहते आणि गाव कुठे आहे ते बघते. जिन कुठे आहे, म्हणजे सरकी काढायचा कारखाना? जुन्या स्टेशनाजवळ जिनाची चिमणी किंवा पडकी गोदामं सापडली तर स्टेशन कोणासाठी बांधलं ते कळलंच. मग फलाट. छोट्या लाईनीचा फलाट ठेंगणा असतो, कधी जमिनीबरोबर. डब्याची पायरी किती खाली असेल याचा अंदाज काल पाहिलेल्या डब्यावरून करा. मग तिकीट खिडकी. खिडकीचा उंबरठा माणसांच्या कोपरांनी झिजलेला असतो, बोट फिरवून बघा. भिंतीला टेकू नका, पडक्या छपराखाली जाऊ नका, आणि आत शिरण्याआधी दारावर काठी आपटा.

मग रूळ. रुळाच्या उभ्या अंगावर, माथा आणि पाया यांच्या मधल्या सपाट भागात, कारखान्याची अक्षरं आणि बहुधा साल उठावाने उमटवलेलं असतं. लालभडक तापवलेलं लोखंड लाटून रूळ करतात त्या लाटण्याच्या चाकातच ती अक्षरं कोरलेली असतात, म्हणून ती ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येतात. एका जागी गंजून गेली असली तर चार पावलं पुढे चला. पांढरा खडू आडवा धरून हळूच घासा. उठाव पांढरा होतो आणि गंज लाल राहतो. कालची तिरप्या उजेडाची युक्तीही करा. भाचा ज्या अक्षरांवर अडकला होता ती हीच. लागोपाठच्या दोन रुळांवर दोन वेगळी सालं सापडली तर समजायचं की मधे कधीतरी एक तुकडा बदललाय. जुन्या लुगड्याला ठिगळ लावावं तसं लाईनीचं काम वर्षानुवर्षं चालतं. वाचून झालं की ओल्या फडक्याने खडू पुसा.

दारव्ह्याला मी टेप लावून बसले असताना धोतर नेसलेले एक बाबाजी सायकल थांबवून बघत राहिले.

"काय मोजून राह्यल्या बाई?"

"लाईन किती रुंद आहे ते बघतेय, बाबाजी."

"अडीच फूट. मले इचारलं असतं तं सांगतलं असतं, वाकाचं काय काम होतं?"

मग ते बसले आणि तासभर बोलले. गाडी सुटताना कोणी पळत येताना दिसलं तर ड्रायव्हर थांबे. फाटकापाशी गाडी उभी राहे, गाडीवरचाच माणूस उतरून फाटक लावे, गाडी पुढे गेली की उघडे आणि पुन्हा चढे. "घाई असली तं माणूस एसटीनं जाये," ते म्हणाले. "शकुंतलेत घाईचं माणूस बसतच नव्हतं." शेवटच्या काळात गाडीवरचे मोजके कर्मचारीच तिकिटापासून इंजिन जोडण्यापर्यंत सगळं करत, आणि वेग ताशी २० किलोमीटरच्या आगेमागे.

म्हणून सांगते, प्रत्येक स्टेशनाजवळच्या चहाच्या टपरीवर अर्धा तास राखून ठेवा. कसं विचारायचं याचीही रीत आहे. "शकुंतलेचा इतिहास सांगा" म्हटलं की माणूस पेपरातलंच परत सांगतो. "तुम्ही शेवटचे कधी बसलात?" "तिकीट किती होतं?" "कोणाच्या लग्नाला गेलात?" असं विचारा. बायकांना विचारायचं असेल तर "माहेरी जाताना कोणत्या स्टेशनावर उतरायच्या?" एवढा एक प्रश्न पुरतो. रेकॉर्डिंग करण्याआधी विचारा, आणि ते नको म्हणाले तर फोन पिशवीत ठेवून द्या.

पिशवीत काय हवं

स्टीलची टेप, पांढरे खडू, फडकं, छोटी वही, माणशी दोन लिटर पाणी, टोपी किंवा दुपट्टा. पायात बूट, चप्पल नाही. बाभळीचा काटा चपलेच्या तळातून सरळ वर येतो. लांब बाह्यांचे कपडे. हातात काठी, गवतात पाय टाकण्याआधी आपटायला. साप चावलाच तर कापाकापी, आवळपट्टी, मंत्र काही नाही; अंग हलवू न देता सरळ तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात. जेवणाला कारंजा किंवा दारव्ह्यात थांबा, मधल्या छोट्या स्टेशनांवर खायला मिळेलच असं नाही. मी घरून दशम्या आणि ठेचा नेते, संत्री वाटेत घेते.

शाळेची पोरं असतील तर दहा पोरांमागे एक मोठं माणूस, आणि एका दिवसात दोनच स्टेशनं. तीन करायला गेलात तर तिसऱ्यावर सगळी बसमध्ये झोपलेली असतात.

परतीची वाट

यवतमाळहून नागपूरला एसटी सहज मिळते. वेळ असेल तर कळंबवरून या. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मोठ्या लाईनीचा वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. दोन दिवस अडीच फुटांचे रूळ पाहून झाल्यावर कळंबचं नवंकोरं स्टेशन बघताना पोरांचे डोळे आपोआप रुळांकडे जातात, आणि कोणीतरी टेप मागतंच. देऊ नका. ही चालू लाईन आहे, फलाटावरूनच बघायची. साडेपाच फूटच भरते, माझ्या शब्दावर राहा.